नाताळात अचानक घरी पार्टी ठरली तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे बहुतेक घरांत एक फोन येतोच. पुण्याहून नाहीतर बेळगावहून, "आम्ही निघालोय, चोर्ला घाटात आहोत, संध्याकाळी पोचतो". मग त्यांच्यासोबत इथले चुलतभाऊ, शेजारी, ऑफिसमधले दोघंतिघं असं करत करत बारा-पंधरा माणसं होतात आणि हातात असतात पाच तास. गेल्या काही वर्षांत माझ्या घरी असं बरेचदा झालंय, आणि मैत्रिणी फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

पाच तासांत पार्टी खरंच होते का?

होते, पण एकच पदार्थ स्वतः शिजवायचा आणि बाकी सगळं विकत किंवा कच्चं किंवा दुसऱ्या कुणी आणलेलं, हे आधी मनाशी पक्कं करायला हवं. चार भाज्या, दोन कोशिंबिरी, पुलाव, खीर असा चतुर्थीचा बेत डोळ्यासमोर आणलात तर पाहुणे येतात तेव्हा तुम्ही घामाघूम ओट्याशी असता आणि ते जाईपर्यंत तिथेच असता, त्यांच्याशी दोन शब्द बोलणं होत नाही. माणसं इतक्या लांबून तुम्हाला भेटायला आलेली असतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सगळ्यात आधी काय करायचं?

घड्याळ बघायचं. गोव्यात दुपारी १ ते ४ बरीच दुकानं बंद असतात, आणि फोन साडेबाराला आला तर तुमच्याकडे अर्धा तास आहे असं समजा. त्या अर्ध्या तासात बाहेरून फक्त नारळ, वाटाणे, कांदे-बटाटे, लिंबं, सोडा, आणि बेकरीतलं गोड एवढं आणायचं. फरशी पुसणं, पडदे बदलणं वगैरे दुपारी होतं, तेव्हा कुठे जाता येत नाहीच.

दुसरं म्हणजे मिक्सरचं सगळं काम पहिल्या तासात उरकून टाका. एकदा माझं वाटण भाजून तयार होतं आणि लाईट गेली ती दोन तास आली नाही, शेवटी शेजारच्या काकींच्या रगड्यावर वाटून आणलं. तेव्हापासून भाजलं की लगेच वाटते. आणि गॅसचा सिलिंडर हलवून बघा, भरलेला दुसरा नसेल तर शेजारी आधीच शब्द टाकून ठेवा.

मेन पदार्थ कुठला धरायचा?

माझं उत्तर दरवेळी एकच, वाटाण्याचं तोणाक (भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातली उसळ) आणि पाव. शिवराक माणसाला चालतं, मुलांना आवडतं, तासाभराने पोचलेल्याला परत गरम करून देता येतं आणि मुरल्यावर तर जास्तच लागतं. पुण्याच्या पाहुण्यांना शिवराक हा शब्द कळत नाही, त्यांना शाकाहारी म्हणून सांगा.

बारा माणसांना पाऊण किलो सुके पांढरे वाटाणे पुरतात. रात्रभर भिजवायला वेळ नसतो, तर उकळत्या पाण्यात चिमूटभर सोडा घालून दीड-दोन तास झाकून ठेवायचे, ते पाणी ओतून टाकायचं आणि नवीन पाण्यात मीठ-हळद घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या. तेवढ्यात दोन नारळ खवून, तीन मोठे कांदे उभे चिरून, थोड्या तेलात खोबरं-कांदा चांगला तांबूस होईपर्यंत परतायचा, घाई करून पांढरट ठेवलात तर तोणाकाला रंगही येत नाही आणि चवही. सुक्या मिरच्या, धणे, मिरी, लवंग, दालचिनी, बडीशेप वेगळं भाजून त्यातच वाटायचं. हे सगळं नको असेल तर बाजारात शागोती मसाला तयार मिळतो, तो दोन-तीन मोठे चमचे घाला पण खोबरं मात्र स्वतः भाजा, तिथे शॉर्टकट करू नका. वाटाणे, वाटण, दोन-तीन बटाट्यांच्या फोडी, थोडा चिंचेचा कोळ, आणि एक चांगली उकळी. पातळ झालं तर पळीभर वाटाणे काढून ठेचून परत घालायचे, पीठ लावू नका. आळसांदे (चवळीसारखं कडधान्य) असतील तर अजून छान, पण ते सकाळपासून भिजलेले हवेत.

चिकन नसेल तर पार्टी वाटत नाही असं घरातले म्हणतात. काय करू?

मग तेच वाटण दुप्पट करा आणि अर्ध्यात चिकन शागोती लावा. हाडांसकट माणशी दोनशे ग्रॅम धरा, तोणाक सोबत आहे म्हणून यापेक्षा जास्त लागत नाही, बारा जणांत आठजण खाणारे असतील तर दीड-पावणेदोन किलो. चिकन आणलं की लगेच मीठ-हळद-लिंबू लावून फ्रीजमध्ये, ओट्यावर ठेवू नका.

मासे मी शेवटच्या क्षणी करत नाही. एकतर दुपारनंतर बाजारात चांगलं नुस्तं (मासळी) उरत नाही, आणि बारा माणसांना रव्यातले बांगडे गरम गरम तळून देणं म्हणजे एक माणूस पूर्ण वेळ तव्याशी बांधला जातो. अगदीच हवं असेल तर सुंगटं (कोळंबी) घ्या, सोलून रेशाद (तिखट-आंबट लाल) मसाला लावून ठेवा, पाच मिनिटांत परतून होतात.

शिवराक आणि मांसाहारी पाहुणे एकत्र आले तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर नीट द्यावंसं वाटतं. आधी वार बघा. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत नुस्तं खात नाहीत, डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार येतात, एकादशी येते. त्या दिवशी पार्टी असेल तर सरळ सगळं शिवराक करा, कुणाचं काही अडत नाही, आपल्या तोणाक-पावावर आमच्या कॅथलिक मित्रांनीही दोन-दोनदा वाढून घेतलंय.

इतर दिवशी दोन्ही असेल तर शिवराक पदार्थ आधी शिजवून वेगळ्या टेबलावर ठेवायचे, डाव वेगळा, तेल वेगळं. चिकनचा डाव चुकून तोणाकात गेला तर आमच्या घरातल्या आजी काही बोलणार नाहीत, गप्प बसतील आणि फक्त केळं खाऊन उठतील, आणि ते बघणं मला फार लागतं. डावाला रंगीत दोरा बांधा, मुलांनासुद्धा कळतं.

अंड्याचंही तसंच. लोक चिकन-मटणाचं विचारतात आणि गोडातलं अंडं विसरतात, त्याबद्दल खाली लिहिलंय.

स्टार्टरला काय? तेही घरीच करायचं?

कापां करा. सुरण, बटाटा, रताळं, आणि ताळगाव-आगशीकडची ती मोठी वांगी मिळाली तर फारच उत्तम. अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या, मीठ-तिखट-हळद-हिंग चोळून अर्धा तास, आणि रव्यात घोळवून थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी खरपूस. सुरणाला थोडं कोकमाचं आगळ चोळायचं, नाहीतर घसा खाजतो. चकत्या मसाला लावून तयार ठेवा आणि पाहुण्यांतल्याच कुणा उत्साही भावाला तव्याशी उभं करा, माणसं आनंदाने करतात. बाकी शेंगदाणे, केळ्याचे वेफर्स, काकडी-गाजर, संत्री सोलून. पुरे.

पाव किती लागतात आणि कुठून?

तोणाकासोबत माणशी चार धरा, बारा जणांना पन्नास. उरले तर सकाळी खपतात, कमी पडले तर रात्री नऊला कुठे मिळणार.

पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी येतो तेव्हाच त्याला सांगून ठेवलं तर सोनं, पण अचानक ठरलं असेल तर संध्याकाळी त्याचा भोंगा ऐकू येईपर्यंत थांबू नका, सरळ त्याच्या भट्टीवर जा. साधे पाव, उंडे आणि थोड्या पोया असं मिसळून घ्या. पोईत कोंडा असतो, ती तोणाक छान शोषून घेते आणि डायबेटिसवाले काका लोक तीच मागतात. मात्र २४-२५ डिसेंबरला पोदेर नेहमीसारखा येईलच असं धरू नका, त्याच्याही घरी नाताळ असतो, आदल्या दिवशीच विचारा.

भात हवाच असेल तर माणशी मूठभर, म्हणजे सत्तर-ऐंशी ग्रॅम तांदूळ. पाव असताना तेवढाच जातो.

केक मिळाला नाही तर गोडाचं काय?

२३ ते २५ च्या दरम्यान बेकऱ्यांत केक बहुतेक आधी बुक झालेले असतात. मला एकदा एका बेकरीने फोनवर "या, मिळेल" म्हणून सांगितलं आणि सहा वाजता गेले तर काउंटर रिकामा, मुलगा सोबत होता, त्याचा चेहरा उतरला. त्यामुळे केकच्या मागे वेळ घालवू नका, बेबिंका घ्या. त्याला २०२३ साली जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पाहुण्यांना सांगायलाही बरं वाटतं. एक एक थर वरून आच देऊन भाजायचा आणि मगच पुढचा ओतायचा, असे पारंपरिक बेबिंक्याला सात तरी थर, कधी सोळासुद्धा, म्हणून घरी शेवटच्या क्षणी करायचा विचारसुद्धा करू नका. किलोभर विकतचा आणला तर पातळ कापून पंधरा जणांना होतो, तो जड असतो. वाढण्याआधी किंचित कोमट करा, तूप सुटतं आणि थर मऊ होतात.

पण बेबिंक्यात अंड्याचं पिवळं भरपूर असतं हे शिवराक पाहुण्यांना आधी सांगा, दिसायला ते खव्याच्या मिठाईसारखं वाटतं आणि लोक फसतात. नारळाच्या रव्याच्या बोलिन्हा बिस्किटांतही अंडं असतं. दोदोल साधारणपणे तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि काळा माडाचा गूळ, त्यात अंडं नसतं. चणाडाळीचं दोस आणि नेवऱ्याही (करंज्या) चालतात. तरी दुकानात एकदा विचारून घ्याच. मी नेहमी बेबिंका आणि दोदोल दोन्ही थोडं थोडं आणते, म्हणजे आजीपासून नातवापर्यंत कुणी उपाशी राहत नाही.

शेजारच्या आंटीने पाठवलेलं कुस्वार (नाताळचा फराळ) पार्टीत वाढलं तर चालेल का?

चालेल ना, आणि कुणी पाठवलंय ते सांगून वाढा. माझ्या शेजारच्या आंटी दर नाताळाला ताट पाठवतात, कुलकुल, नेवऱ्या, दोस, वरून क्रोशाचा रुमाल झाकलेला, आणि चतुर्थी-दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे जातं. ताट रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत त्यांनाही पाठ आहे. माझं तर म्हणणं, पार्टी ठरली की पहिलं आमंत्रण त्यांनाच द्या. खुर्च्या, बर्फ, मोठं पातेलं हे सगळं त्यांच्याकडूनच आणणार असतो आपण, आणि माणसांना बोलवायचं सोडून फक्त वस्तू मागायच्या हे मला पटत नाही.

प्यायला काय ठेवायचं?

कोकम सरबत मोठ्या जगमध्ये, लिंबू सरबत, आणि जेवणासोबत फुटी कढी. नारळाच्या दुधाची सोलकढी सगळ्यांना आवडते पण ती बाहेर तीन-चार तास राहिली तर बिघडते, म्हणून शेवटच्या क्षणीची पार्टी असेल तर फुटी कढीच बरी: आमसुलं गरम पाण्यात कोळून, मीठ, किंचित साखर, हिंग-जिऱ्याची फोडणी, कोथिंबीर.

बाहेरचे पाहुणे हमखास उर्राक (काजूच्या रसाची दारू) मागतात. डिसेंबरात उर्राक नसतो, तो काजूच्या सीझनमधला, साधारण फेब्रुवारी-मार्च ते मे, हे त्यांना प्रेमाने समजावून सांगा. काजू फेणी वर्षभर मिळते, लिम्का, मीठ आणि चिरलेली मिरची घालून देतात, पण ती कडक असते आणि ज्याने पहिल्यांदा घेतली त्याला पहिल्या ग्लासात कळत नाही, म्हणून ओतणारा एकच शहाणा माणूस नेमा आणि आधी जेवण, मग ग्लास असा क्रम ठेवा. गोव्यात १८ वर्षांखालच्यांना दारू देता येत नाही, कॉलेजच्या भाच्यांबद्दल ही गोष्ट घरातसुद्धा पाळा.

आमच्या घरात दारू चालत नाही. पाहुण्यांना कसं सांगायचं?

आमंत्रणाच्या मेसेजमध्येच लिहा, "घरी आई-बाबा आहेत, जेवणाची आणि गप्पांची पार्टी". एवढं पुरतं. मी दोन्ही प्रकारच्या पार्ट्या केल्यात आणि खरं सांगते, हाऊझीचा (तंबोला) खेळ असला की कुणाला दुसरं काही आठवत नाही.

बर्फ?

माणशी अर्धा किलो लागतो, घरच्या ट्रेमध्ये होत नाही. दुकानातलं खाण्याच्या बर्फाचं पाकीट आणा. मासळीवाल्यांकडे असते ती लादी फक्त टबात बाटल्या थंड करायला वापरा, ग्लासात अजिबात नको.

प्लेट, खुर्च्या, सजावट यासाठी वेळच नाही.

सुपारीच्या पानाच्या प्लेट्स किंवा परसातली केळीची पानं. थर्माकोल आणू नका, दुसऱ्या दिवशी ओला-सुका कचरा वेगळा करताना त्याचाच त्रास होतो. अंगणात चटया, सोप्यावर म्हातारी माणसं. कागदाचं एक नक्षत्र (चांदणीचा कंदील) दारात लावून आत बल्ब सोडा आणि तुळशीजवळ दोन पणत्या, बास, आमच्या दारात दोन्ही एकत्र असतात आणि मला ते फार सुंदर दिसतं. रात्री दंव पडतं, उघड्यावर बसणार असाल तर म्हाताऱ्यांसाठी दोन शाली बाहेर काढून ठेवा आणि डासांसाठी धूप.

मुलांना आणि मोठ्यांना एकत्र काय खेळवायचं?

हाऊझी. तिकीट घरी करता येतं: नऊ कॉलम, तीन ओळी, प्रत्येक ओळीत पाच आकडे, एकूण पंधरा, १ ते ९० मधले. पहिल्या कॉलममध्ये १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्यात ८० ते ९०. हे काम आल्या आल्या मुलांनाच द्या, तासभर ती गुंतून राहतात. आकडे पुकारायला आजोबांना बसवा. बक्षीस म्हणून चॉकलेट, काजूचं छोटं पाकीट, एखादी पणती.

३१ तारीख असेल तर मुलांना ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, करायचाच असतो. जुने कपडे, गवत, सुका पाला एवढंच भरा. फटाके भरतात काहीजण, ते करू नका. जाळायचा तो मोकळ्या जागी, माडांपासून आणि गाड्यांपासून लांब, बाजूला पाण्याच्या दोन बादल्या, आणि काडी लावणारा माणूस न प्यायलेला हवा.

गाणी किती वाजेपर्यंत लावता येतात?

लाऊडस्पीकर रात्री १० नंतर सकाळी ६ पर्यंत लावता येत नाही, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं आहे. वर्षातले ठरावीक जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण तो दिवस आज आहे की नाही हे बघत बसण्यापेक्षा दहाला स्पीकर बंद करा. खरी मजा नंतर असते. कुणीतरी पेटी काढतं, एक मावशी नाट्यगीत सुरू करते, आंटी मांडो (कोंकणी गाणं) म्हणतात, आणि बेळगावच्या भाच्याला दोन्ही नवीन असतं.

परतीचं काय? बस नसते ना रात्री.

नसतेच, गावाकडे जायला आठनंतर बस मिळणं मुश्किल, आणि नाताळात टॅक्सीही लवकर मिळत नाही. म्हणून हे पार्टीच्या आधी ठरवा: कोण गाडी चालवणार, आणि तो माणूस आज एक थेंबही घेणार नाही. कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, पहिल्यांदा सापडलं तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडासाठी नाही सांगत. आपले हे रस्ते, ती वळणं, बाजूला अंधारातून चालणारी माणसं, यजमान म्हणून मला झोप लागत नाही सगळे पोचल्याचा मेसेज येईपर्यंत. घेतलेल्याची किल्ली मागून घ्या आणि गादी घाला. चार गाद्या, चार चादरी हा माझ्या तयारीतला ठरलेला भाग आहे.

पाहुणे विचारतात "काय आणू?" तर काय सांगायचं?

"काही नको" म्हणू नका. नाव घेऊन एक एक वस्तू सांगा: तू बर्फ, तू संत्री, वहिनी तुम्ही दही, दादा तू पाव. नाहीतर चारजण चार केक घेऊन येतात.

घरात काम करणारी मी एकटीच आहे. कसं जमणार?

जमू देऊ नका एकटीवर. आमच्याकडे अजून बऱ्याच घरांत पुरुष अंगणात आणि बायका आत असं होतं, मला ते बघवत नाही. यादी करून भिंतीवर लावा आणि नावं घाला. नारळ खवणं नवऱ्याकडे, खुर्च्या मुलाकडे, वाढणं पाहुण्यांपैकी दोघांकडे, भांडी रात्रीच सगळ्यांनी मिळून. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी स्वयंपाकघर बंद, तुम्ही आंघोळ करून, साडी किंवा जे आवडेल ते नेसून, केसात आबोली माळून बाहेर या. जे राहिलं ते राहिलं.

उरलेल्याचं काय करायचं?

शिजवलेलं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, विशेषतः चिकन, भात आणि ओल्या नारळाचं काहीही. गप्पांत विसरायला होतं म्हणून मी फोनवर अलार्म लावते. मोठ्या पातेल्यासकट फ्रीजमध्ये ढकलू नका, लहान डब्यांत घाला म्हणजे लवकर थंड होतं. तोणाक सकाळी खळखळून उकळा, कालचे पाव तव्यावर तुपात भाजा, आणि जे रात्री राहिलेत त्यांना अंगणात बसवून तोच नाश्ता द्या. आणि हो, आंटींचं ताट परत करायचंय, त्यात थोडं दोदोल ठेवा.